सरकीची टेप

महागावात कुणालाही विचारा, नरहर पुसदकरांबद्दल तो दोन गोष्टी सांगेल. एक, तालुक्यातला पहिला बिघडलेला टीव्ही या माणसानं उघडला आणि चालू करून दाखवला. दुसरी, आपल्या देशात विजेच्या यंत्रांवर संगीत करणारी जी पहिलीवहिली मंडळी होती, त्यातला हा एक, आपल्या गावचा. पहिली गोष्ट शंभर टक्के खरी. दुसरीत खोट आहे. ती खोट आता जगात दोनच माणसांना ठाऊक होती, एक स्वतः नरहरराव आणि दुसरी त्यांची बायको रत्नप्रभा. तिसरा साक्षीदार होता, पण तो माणूस नव्हता. तो सात इंची रिळावर गुंडाळलेला, पत्र्याच्या डब्यात, कपाटाच्या वरच्या फळीवर जुन्या स्वेटरांमागं पडून होता.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी फोन वाजला.

"नमस्कार आजोबा, मी अर्पिता बोलतेय, नागपूरहून. मी राष्ट्रीय विद्युत-संगीत केंद्राचा इतिहास लिहितेय. तुमचा नंबर मला गुंजननं दिला."

गुंजन म्हणजे नात, नागपुरात शिकते. आजोबांचं कौतुक जिथं तिथं सांगत फिरायची तिला भारी हौस.

"केंद्राचं रजिस्टर मिळालंय मला. त्यात चाळीस नंबरची टेप आहे, 'सरकी'. निर्मिती नरहर पुसदकर. गुंजन म्हणाली, टेप तुमच्याकडंच आहे?"

"आहे," नरहरराव बोलून गेले. जीभ डोक्याच्या आधी धावली की असंच होतं.

"अरे वा! मग मी गुरुवारी मशीन घेऊनच येते. आपण ऐकू सगळी. अगदी पुकाऱ्यापासून!"

नरहररावांनी फोन ठेवला. बाहेर सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो हॉर्न वाजवत गेला. त्या आवाजानंही ते दचकले. बहात्तर वर्षांचा माणूस, आयुष्यभर विजेशी खेळला, कितीदा तरी करंट खाल्ला, पण हातपाय असे गार कधी पडले नव्हते.

आता पुकारा म्हणजे काय, ते सांगितल्याशिवाय तुम्हाला ही भीती कळायची नाही.

हे केंद्र निघालं त्र्याहत्तर साली, नागपुरात. नागपुरातच का? तर देशाचा मध्यबिंदू तिथं, म्हणून देशाचं नवं संगीतही मधोमध असावं, असं कुण्या साहेबाच्या मनात आलं. साहेबाच्या मनात आलं की सरकारात ते उगवतंच. एक जुना बंगला, तीन खोल्या आणि परदेशातून आलेलं एक कपाटाएवढं यंत्र. त्याला नुसती भोकं आणि भोकांतून लोंबणाऱ्या वायरी. शेजारच्यांना वाटलं टेलिफोनचं ऑफिस उघडलं. महिनाभर लोक येऊन "आमचा ट्रंक कॉल लागला का हो?" असं विचारत होते. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना यवतमाळच्या कापसाच्या गाद्या ठोकल्या, तर गाद्यांत उंदीर झाले. मग टेपवर आधी संगीत, मध्येच चूंचूं, पुन्हा संगीत. पण काम मात्र झालं तिथं. दहा-बारा वर्षं चार-दोन वेड्या माणसांनी आवाज कापले, उलटे केले, लांबवले, जोडले.

तिथल्या संचालक साहेबांचा एक नियम होता. कुठलीही टेप भरताना आधी तंत्रज्ञानं माइकपुढं उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात सांगायचं: तारीख, टेप नंबर, रचनेचं नाव, करणाऱ्याचं नाव. मग मनात चार मोजायचे आणि संगीत सुरू. कोर्टात नावाचा पुकारा होतो, तसा हा टेपचा पुकारा. साहेब म्हणत, "कागद कुणीही बदलतो. टेपवरचा आवाज बदलत नाही." आणि तो तंत्रज्ञ कोण? नरहर पुसदकर. महागावात रेडिओ दुरुस्त करत होता, त्या जोरावर चिकटला. सगळ्या पुकाऱ्यांत त्याचाच आवाज.

रत्नप्रभा यवतमाळच्या कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. लग्न होऊन नागपुरात आली. एकदा डबा द्यायला बंगल्यावर गेली, तर नवरा टेपचे दोन तुकडे जोडायला बसलेला आणि तिसऱ्यांदा चुकलेला. तिनं ब्लेड घेतलं, तिरपा काप दिला, पट्टी लावली, नखानं दाबली. साहेबांनी वाजवून पाहिलं. जोड कुठं आहे तेच कळेना! दुसऱ्या दिवसापासून ती रोजंदारीवर लागली. दोन वर्षं तिनं दुसऱ्यांचे आवाज जोडले. मग एका हिवाळ्यात खांद्याला लटकवायचं छोटं रेकॉर्डर मागून घेतलं आणि ढाणकीला मामाकडं गेली. मामा कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगमध्ये मुकादम. तिनं जिनिंगचा पट्टा भरला, सरकी पडण्याचा आवाज भरला, कापूस निवडणाऱ्या बायांच्या बांगड्या भरल्या. नंतर सहा महिने, रोजचं काम आटोपलं की, एकटीच बसून कापत राहिली. एकशे त्रेचाळीस जोड. अकरा मिनिटांची रचना. नाव ठेवलं 'सरकी'.

ते सगळं रत्नप्रभाचं होतं. नरहरनं फक्त बटण दाबलं.

रजिस्टरात लिहायची वेळ आली तेव्हा केंद्रातला बाबू म्हणाला, रोजंदारीवाल्याचं नाव इथं चढत नाही. नरहर म्हणाला, "तूर्तास माझं लिहा, मग बदलू." तूर्तास! या शब्दानं जितकी माणसं बुडवली तितकी पैनगंगेच्या पुरानं बुडवली नसतील. पण माइकपुढं उभा राहिला तेव्हा त्यानं खरं सांगितलं: "निर्मिती, रत्नप्रभा पुसदकर." कागदावर राहू दे खोटं, टेपवर तर खरं आहे ना, अशी मनाची समजूत घालून घेतली.

पुढं 'सरकी'ची एक प्रत दिल्लीला गेली. पुकारा काढून नुसतं संगीत पाठवायची रीत होती. तिथं कुठल्याशा मोठ्या समारंभात वाजली, टाळ्या पडल्या आणि कौतुकाचं पत्र आलं, श्री. नरहर पुसदकर यांना. रत्नप्रभा तेव्हा बाळंतपणाला यवतमाळला, माहेरी होती. ती आली की सांगू, साहेबांनाही सांगू, असं नरहरनं ठरवलं. ती आली, मांडीवर श्रेयस. पत्र वाचलं, घडी करून परत दिलं आणि म्हणाली, "चांगलं झालं." त्यालाही बरंच वाटलं. त्या 'चांगलं झालं'ला आता सत्तेचाळीस वर्षं होतात.

शहाऐंशीत केंद्र बंद पडलं. टेपा पुसून त्यावर भाषणं भरायचा हुकूम आला. नरहरनं चाळीस नंबरची टेप स्वेटरच्या आत घालून घरी आणली. एवढी एक गोष्ट त्याच्या बाजूनं मांडून ठेवतो. मग महागाव, रेडिओ-टीव्हीचं दुकान. एक्क्याण्णवला पेंटरनं पाटी रंगवताना आपल्या मनानं खाली ओळ टाकली, 'आद्य विद्युत-संगीतकार'. नरहररावांनी पुसायला लावली नाही. पुढं यवतमाळला सत्कार झाला, शाल, नारळ. खोटं एकदा बोललेलं नसतं हो, ते रोज थोडं थोडं बोलावं लागतं.

आणि आता ही पोरगी येणार, टेप लावणार, आणि नरहररावांचाच पंचविशीतला खणखणीत आवाज भर बैठकीत सांगणार की हा म्हातारा लबाड आहे. ते गुंजनला कळणार, पोराला कळणार, गावाला कळणार. आणि सगळ्यात आधी रत्नप्रभा तिथं बसून ऐकणार. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, इथं तर राक्षस गुरुवारी येतो म्हणून फोन करून सांगत होता.

"कोणाचा फोन होता?" रत्नप्रभानं विचारलं.

"नागपूरची पोरगी आहे. केंद्राचा इतिहास लिहून राह्यली. टेप ऐकायला येते."

रत्नप्रभाच्या हातात मिठाची बरणी होती. ती तशीच थांबली.

"वाजते काय ते अजून?" तिनं विचारलं.

"कोणाले माहीत."

त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं. दोघांनीही ते तसंच संपवलं.

सोमवारी रत्नप्रभा भाजीबाजारात गेली तशी नरहररावांनी दाराची कडी लावली आणि डबा खाली काढला. पुकारा टेपच्या तोंडाशीच. बारा-तेरा हात टेप कापली की संपलं. ब्लेड आणलं. घाईत, चष्म्याशिवायच, पांढरी कोरी पट्टी सोडवली. पुढची तपकिरी टेप बोटाला लागताच त्यांना कळलं. चिकट झाली होती, गुळाच्या पाकासारखी. थोडी ओढली तर चर्र आवाज झाला आणि बोटाला तपकिरी भुकटी लागली. ती भुकटी म्हणजेच आवाज. त्या काळच्या टेपांना हा रोगच असतो, दमट हवेत वर्षानुवर्षं राहिल्या की थरांना थर चिकटतात. ओढली तर आवाज निघून येतो आणि मागं नुसतं प्लॅस्टिक राहतं. बारा हात उलगडणं शक्यच नव्हतं. त्यांनी पट्टी परत गुंडाळली, डबा मिटला. मग जाऊन कडी काढली.

मंगळवारी जे केलं, ते सांगताना मलाही जरा राग येतो या माणसाचा. पण सांगतो.

फुलसावंगीला बंटीचा डीजे आहे. लग्नात, मिरवणुकीत छाताड हलवणारे ते भोंगे. बंटी नरहररावांच्या हाताखाली वायरिंग शिकलेला, त्यांना काका म्हणतो. नरहरराव काळीपिवळी जीपमध्ये बसून गेले, पिशवीत डबा. बंटीनं अठरा इंची स्पीकर खोलून ठेवले होते. त्यांचे लोहचुंबक जमिनीवर उघडे पडलेले, जात्याच्या पाळीएवढे.

"काका, घड्याळ सांभाळा बरं, हे लय जोरात चिपकते," बंटी म्हणाला. "बसा, मी चहा घेऊन येतो."

तो गेला. लोहचुंबक टेप पुसतं, हे नरहररावांना नाही कळायचं तर कुणाला कळायचं? पत्र्याच्या डब्यात असली तर वाचते, हेही ठाऊक. म्हणून त्यांनी रीळ डब्याबाहेर काढलं. चुंबकाच्या पाठीवर टेकवलं आणि मोजायला लागले. एक. दोन. पुसली गेली तर कोण काय म्हणणार? जुनी होती, गेली. तीन. चार. पाचला त्यांच्या डोळ्यांपुढं बंगल्याच्या पडवीतली रत्नप्रभा आली. ब्लेड ओठात धरलेलं, कानाला हेडफोन, पोट पुढं आलेलं, आणि म्हणतेय, "अहो, इकडं या ना, ऐका, आता जमलं बघा." सहा. सात.

त्यांनी रीळ हिसकून उचललं, छातीशी धरलं आणि मट्कन खाली बसले.

"काका, घाम काहून येऊन राह्यला?" बंटी चहा घेऊन आला होता. "थंडीचे दिवस आहेत ना."

सात आकडे! तेवढ्यात किती पुसलं गेलं असेल? सगळं? अर्धं? का काहीच नाही? बघायला मार्ग नाही, कारण बघायचं म्हणजे वाजवायचं आणि टेप तर चिकटलेली. आतापर्यंत एक भीती होती, टेप बोलेल ही. आता दुसरी आली, टेप बोलणारच नाही. आगीतून उठून फुफाट्यात म्हणतात ते हेच. आणि दुसरी भीती पहिलीहून मोठी निघाली, याचं त्यांनाच नवल वाटलं. नाव चोरलं होतं, ते एक वेळ ठीक. आज तिचं काम मारायला निघालो होतो, हे मनातून जाईना.

घरी आले तर रत्नप्रभा दारातच.

"कुठं गेलते?"

"बंटीकडं."

"डबा घेऊन?"

नरहररावांनी पिशवी पाठीमागं घेतली. ती पिशवीकडं बघत राहिली, मग आत गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. पण तिच्या तोंडावर राग नव्हता. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि नरहररावांना वाटलं, हिला कळलं.

गुरुवारी अर्पिता आली. तिशीतली, चष्मा, बोलायला मोकळी. एका पेटीत टेपचं मशीन, दुसऱ्या पेटीत फळं सुकवायचं यंत्र.

"हे कायले?" रत्नप्रभानं विचारलं.

"टेप भाजायला, आजी."

"अगं बाई! पापड आहे काय ते?"

अर्पिता हसली. "हळूच, आजी. कोमट गरम हवेत आठ तास ठेवायची. चिकटपणा सुकतो. मग रात्रभर थंड करायची. एकदा वाजते, नशीब असलं तर दोनदा. त्या एका खेपेत मी लॅपटॉपवर उतरवून घेते."

सकाळी नऊला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ते यंत्र घरघरायला लागलं. नरहरराव स्टूल घेऊन त्याच्यासमोर बसले ते उठेचनात. मेलं माणूस राखत बसतात तसे बसले होते. एकदा लाईन गेली, अर्धा तास आली नाही. अर्पिता म्हणाली काही होत नाही, पण यांचा जीव टांगणीला. रत्नप्रभानं सोलेभात केला होता, ओल्या तुरीच्या दाण्यांचा. अर्पितानं दोनदा मागून घेतला. हे ताट घेऊनही यंत्राकडंच बघत होते.

जेवता जेवता रत्नप्रभानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय गं, त्यात एकदम सुरुवातीपासून ऐकू येईल काय? म्हणजे अगदी तोंडापासून?"

"हो आजी. पुकाऱ्यासकट."

"एखादा शब्द बी राह्यला असंल तं येईल?"

"अर्धा शब्द असला तरी येईल."

रत्नप्रभानं मान खाली घातली. नरहररावांनी मनात ताडलं. सत्तेचाळीस वर्षं बोलली नाही बाई, पण वाट पाहत होती! स्वतःचं नाव ऐकायची वाट! आणि आपण ते परवा चुंबकावर ठेवून आलो. त्यांना वाटलं आत्ताच पाय धरावेत. पण धरले नाहीत. भीती माणसाला शहाणपण देत नाही, नुसतं बसवून ठेवते.

शुक्रवारी सकाळी अकराला बैठकीत मशीन लागलं. रत्नप्रभा खाली सतरंजीवर तुरीच्या शेंगांचं टोपलं घेऊन सोलत बसली होती. अर्पितानं टेप ओवली, कान देऊन एकदा रीळ हातानं फिरवलं. सुटी झाली होती टेप, अलगद उलगडत होती. तिनं बटण दाबलं.

पांढरी पट्टी गेली. तपकिरी टेप सुरू झाली. स्पीकरमधून बारीक सूं सूं आलं. बाकी काही नाही.

एक. दोन.

पुसली, नरहररावांच्या मनात आलं. मीच पुसली. हिच्या सहा महिन्यांच्या रात्री मी सात आकड्यांत पुसल्या. खुर्चीचा हात त्यांनी इतका घट्ट धरला की बोटं पांढरी झाली. तीन. 'बंद कर पोरी' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

आणि जिनिंगचा पट्टा फिरला.

फट् फट् फट् फट्, लांबून, मग जवळून, मग अगदी कानात. त्यावर सरकी पडली, मूठमूठ. बांगड्या वाजल्या आणि ताणत ताणत त्यांची सनई झाली. सगळं होतं. स्वच्छ, भरदार, अकराच्या अकरा मिनिटं; चुंबकाच्या पाठीवरच्या जाड लोखंडी तबकडीनं टेप वाचवली होती. नरहररावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. अर्पिताही डोळे मिटून ऐकत होती. रत्नप्रभाचे हात फक्त शेंगेवर थांबले होते, मान खालीच.

टेप संपली. अर्पितानं मशीन बंद केलं.

"काय काम आहे हो आजोबा!" ती म्हणाली. "पण पुकारा नाहीये. तुमच्या केंद्राच्या ज्या नऊ टेपा मला मिळाल्या, सगळ्यांवर आहे. हिच्यावरच नाही." तिनं टेप हळूच मागं घेतली आणि सुरुवातीचा भाग उजेडाकडं धरला. "हे बघा, इथं कापलंय. आणि जोडलंय कशानं, तर घरातल्या साध्या चिकटपट्टीनं. केंद्रातलं काम नाही हे. नंतर कुणीतरी काढलाय पुकारा."

नरहररावांनी पुढं वाकून तो जोड पाहिला.

"जाऊ द्या, तसं काही बिघडत नाही," अर्पिता म्हणाली. "रजिस्टरात तुमचं नाव आहे, दिल्लीचं पत्र आहे. तेवढं पुरे."

सुंठीवाचून खोकला गेला! पाच दिवस ज्या राक्षसानं पोखरून काढलं, तो घरात नव्हताच. आता नरहररावांनी नुसतं गप्प बसायचं होतं. ते काम तर त्यांना चांगलं येत होतं. पण त्यांची नजर सतरंजीवर गेली. या घरात टेप कापता येणारी माणसं दोनच.

"तू?" ते म्हणाले.

रत्नप्रभानं एक शेंग सोलली, दाणे टोपल्यात टाकले.

"दुकानाची पाटी लागली ना, त्या दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही मिठाई वाटायले गेलते. माह्या मनात आलं, उद्या कोणी म्हणलं, वाजवून दाखवा, तं तुमचं तोंड कुठं राह्यलं असतं? श्रेयस तेरा वर्षांचा होता. कापला अन् बंबात टाकला." तिनं पुढची शेंग उचलली. "पण मशीन नोयतं घरात. अंदाजानं कापला. मले कायम भेव लागे, एखादा शब्द राह्यला असंल. परवा तुम्ही डबा घेऊन गेले, तं म्हणलं, गेले वाजवून पाहाले, आता हे पकडतात मले."

एका छपराखाली, एका ताटात जेवून, दोन माणसं एकाच टेपला भीत होती. आणि एकमेकांना विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की नाव घ्यावं लागलं असतं.

अर्पिता दोघांकडं आळीपाळीनं बघत होती. "मला काही कळत नाहीये," ती म्हणाली. "पुकाऱ्यात काय होतं?"

"हिचं नाव होतं," नरहरराव म्हणाले. आणि मग एका दमात सगळं सांगितलं. बाबू, तूर्तास, पत्र, पाटी. मंगळवारचं चुंबकसुद्धा सांगितलं. ते ऐकताना रत्नप्रभानं एकदाच मान वर केली आणि त्यांच्याकडं रोखून बघितलं.

अर्पितानं पेन खाली ठेवलं.

"आजोबा, मला तुमचं खरं वाटतं. पण मी इतिहास लिहितेय. कागद सगळे तुमच्या नावाचे. एकच पुरावा होता तो जळाला. उद्या कुणी म्हणेल, म्हातारपणी बायकोवर माया दाटून आली म्हणून नाव दिलं. फार तर खाली बारीक अक्षरात लिहीन, 'कुटुंबीयांच्या म्हणण्यानुसार'."

नरहररावांना या पाच दिवसांतली सगळ्यात मोठी भीती आत्ता वाटली. सत्तेचाळीस वर्षं हे उघड होईल म्हणून भ्यायले. आता ते कधीच उघड होणार नाही! पुस्तक छापलं जाईल, आपण मरू, ही मरेल, आणि ते 'तूर्तास' कायमचं होऊन बसेल.

"मला विचार," ते कसेबसे म्हणाले. "टेपमधलं काहीही विचार. ज्यानं केलं त्याला माहीत असतंच ना!"

अर्पितानं पेन पुन्हा उचललं. लॅपटॉपवर रचना मधूनच लावली आणि एका शांत जागी थांबवली. "सांगा. यापुढं काय येतं?"

नरहररावांनी डोळे मिटले. "पट्टा... पट्टा येतो परत."

"आजी?"

"राहू दे बाई."

"सांग ना, रत्ना," नरहरराव म्हणाले. हात जोडायचेच बाकी होते.

"बांगड्या," रत्नप्रभा शेंगांकडं बघत म्हणाली. "तीन येळा. तिसऱ्यांदा उलट्या."

अर्पितानं बटण दाबलं. बांगड्या वाजल्या, दोनदा सुलट, एकदा उलट. तिनं पुढं नेलं, थांबवलं. रत्नप्रभानं सांगितलं, आता मोठी मूठ, मग लहान मूठ, मग चार मोज, काही नाही. तसंच झालं. अजून एक जागा. तीही बरोबर. शेवटी शेवटी अर्पिता थांबवायच्या आधीच ती सांगायला लागली, आणि तिच्या डाव्या हाताचं बोट हवेत तिरपा काप देत होतं. हे बोट असं हलताना नरहररावांनी चाळीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"थांब," रत्नप्रभा एकदम म्हणाली. "इथं. जरा मागं घे. इथं माहा एक जोड चुकला आहे."

"कुठं? मला तर काही ऐकू नाही आलं."

"मोठा आवाज कर. पट्ट्याच्या मागं मामाचा खोकला आहे. तो कापाचा होता, मी भलताच तुकडा कापला. सायबाले नाही समजला. दिल्लीले नाही समजला. यायले तं अजून माहीत नाही." तिनं नवऱ्याकडं बोट दाखवलं.

अर्पितानं आवाज वाढवला, कानाला हेडफोन लावला, तोच अर्धा सेकंद पुन्हा पुन्हा फिरवला. पाचव्यांदा तिचा चेहरा बदलला. तिनं हेडफोन नरहररावांच्या कानाला लावला. पट्ट्याची फटफट, आणि तिच्या मागं, दबलेला, बिडी ओढणाऱ्या माणसाचा अर्धा खोकला. सत्तेचाळीस वर्षं ते या टेपचे धनी म्हणून मिरवले. हा खोकला त्यांनी आज पहिल्यांदा ऐकला.

अर्पिता वहीवर वाकली. तिनं एक नाव खोडलं, तसं रत्नप्रभा सतरंजीवरून पुढं सरकली.

"हे पाय बाई," ती म्हणाली, "बाकी तुले काय लिवाचं ते लिव्ह. पण हे चूक यायच्या नावावर नको घालू. चूक माही आहे."